मृत्यूच्या खोऱ्यातली सवागी

कॅरमच्या बोर्डावर पावडर भुरभुरून स्ट्रायकर सरकवला नाही, असं घर आपल्याकडे शोधून सापडायचं नाही. ती पांढरी, बोटांना गुळगुळीत लागणारी बोरिक पावडर बनते टाकणखारापासून. सोनाराच्या दुकानात याच खाराला सवागी म्हणतात, हिंदीत सुहागा, इंग्रजीत बोरॅक्स.

माझ्यासाठी सवागी म्हणजे वडिलांच्या शेगडीशेजारची दगडी वाटी. इंदूरच्या सराफ्याला लागून असलेल्या एका गल्लीत ते सोनारकाम करायचे. तुटलेल्या अंगठीचा सांधा जोडायचा असला की आधी तिथे पाण्यात उगाळलेली सवागी लावायची आणि मग फुंकणीने ज्योत नेमकी सांध्यावर आणायची. सवागी आधी फुगायची, तिची लाही व्हायची. मग ती वितळून काचेसारखी पसरायची आणि तिच्याखाली सोनं सोन्याला धरायचं. धातू तापला की हवेमुळे त्यावर जी काजळी धरते, ती सवागी विरघळवून टाकते आणि नवी धरू देत नाही. हे कारण मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वडिलांना ते कधी लागलंच नाही. सवागी कुठून येते हेही त्यांनी कुणाला विचारलं नसावं. वाण्याकडून पुडी यायची, संपली की दुसरी.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे मागच्या डिसेंबरात मी सवागीच्या एका गावाला जाऊन आले. ते गाव अमेरिकेत आहे, वाळवंटात आहे आणि तिथे आता कुणी राहत नाही.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचे, पुतणे कॅलिफोर्नियात असतील. तुम्ही गेलात की ते तुम्हाला लास व्हेगासचे दिवे दाखवतील, ग्रँड कॅनियनला नेतील. त्यांच्याकडून आणखी एक दिवस मागून घ्या. लास व्हेगासहून पश्चिमेला सव्वादोन-अडीच तास गाडी चालवली की डेथ व्हॅली येते, म्हणजे मृत्यूचं खोरं. नाव ऐकून माझ्या मुलीच्या सासूबाईंनी फोनवरूनच मला जाऊ नका म्हणून सांगितलं होतं.

नावाची गोष्टही ऐका. १८४९ साली कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या ओढीने निघालेला एक तांडा जवळची वाट शोधता शोधता या खोऱ्यात अडकला. त्यातले दोन तरुण मदत आणायला पायी निघाले, शेकडो मैल चालून परत आले आणि त्यांनी लोकांना बाहेर काढलं. खोऱ्यात माणूस दगावला तो एकच, असं नॅशनल पार्कवाले सांगतात. पण नाव कायमचं पडलं. ज्यांचं हे मूळ गाव, त्या टिंबिशा शोशोनी लोकांना ते आवडत नाही. ते तर इथे पिढ्यानपिढ्या संसार करत आले. २००० सालच्या कायद्याने त्यांना आपल्या भूमीचा एक भाग परत मिळाला आणि त्यांची वस्ती आजही खोऱ्यात आहे.

सोन्याच्या मागे लागलेली ती माणसं ज्या पांढऱ्या जमिनीवरून रखडत गेली, त्याच जमिनीत पैसा होता. फक्त तो पिवळा नव्हता.

हिरवी ज्योत

नेवाडाच्या सीमेवर ॲश मेडोज नावाच्या ठिकाणी ॲरन विंटर्स आणि त्याची बायको रोझी राहत होती. परिस्थिती बेताची. १८८१ साली त्यांच्याकडे उतरलेल्या एका भटक्या खाणशोध्याने टाकणखाराचं वर्णन केलं आणि तो ओळखायची रीतही सांगितली. पूड घ्यायची, त्यावर गंधकाचं आम्ल आणि अल्कोहोल ओतायचं आणि पेटवायचं. ज्योत हिरवी निघाली तर माल खरा. आपल्याकडे सोनं कसोटीच्या दगडावर घासून पाहतात, तसाच हा प्रकार. पाहुणा गेल्यावर नवरा-बायको डेथ व्हॅलीत गेले, पांढरा खार गोळा केला, अंधार पडायची वाट पाहिली आणि काडी लावली. ज्योत हिरवी निघाली.

त्यांनी आपला हक्क सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी विल्यम टेल कोलमन यांना २०,००० डॉलरला विकला. कोलमन यांनी १८८२ मध्ये जागा ताब्यात घेऊन कारखान्याची उभारणी सुरू केली आणि १८८३ पासून माल निघू लागला. नाव ठेवलं हार्मनी बोरॅक्स वर्क्स. हार्मनी म्हणजे एकोपा. त्या नावाकडे मी नंतर परत येते.

त्याआधी आपल्याकडची एक गोष्ट. अमेरिकेत हा खार सापडण्याच्या कितीतरी आधीपासून जगाला तो तिबेट आणि लडाखच्या बाजूने मिळत होता. तिथल्या सरोवरांच्या काठी तो जमतो आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात आजही दिसतो. मेंढ्या आणि बकऱ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्या बांधून तो हिमालयाच्या खिंडींतून कुमाऊँ-गढवालकडे उतरायचा आणि तिथून पुढे बाजारात जायचा. आपल्या रसशास्त्रातलं 'टंकण' हेच नाव व्यापाऱ्यांबरोबर फिरत युरोपात 'टिंकल' झालं. खनिजशास्त्राच्या पुस्तकात तो शब्द अजून आहे. आपला टाकणखारही त्याच घरातला.

समुद्राच्या खाली

पाह्रम्प गाव मागे पडलं की वस्ती संपते. रस्ता उतरतच राहतो. झाब्रिस्की पॉइंटला सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. मोहरीच्या रंगाच्या टेकड्यांच्या चुण्या, वाळत टाकलेल्या साडीसारख्या. ते झाब्रिस्कीही बोरॅक्स कंपनीचेच एक मोठे अधिकारी होते. या खोऱ्यात कुठल्याही नावाला खाजवलं की खाली टाकणखार निघतो.

तिथून खाली उतरलात की फर्नेस क्रीक. शब्दशः भट्टीचा ओढा. खजुराची झाडं, पेट्रोल पंप, हॉटेल, माहिती केंद्र. इथेच १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि जगातलं सर्वाधिक नोंदलेलं हवेचं तापमान म्हणून तो आकडा अजून सांगितला जातो. नागपूर-अकोल्याच्या मंडळींनी मे महिना आठवावा आणि त्यात आणखी आठ-दहा अंश मिळवावेत. वर्षाला पाऊस पडतो सरासरी पाच-सहा सेंटिमीटर. आपल्याकडे तेवढा एखाद्या संध्याकाळी पडून जातो.

तुम्ही उभे असता ती जमीन समुद्रसपाटीच्या खाली असते. थोडं दक्षिणेला बॅडवॉटरला गेलात तर ८६ मीटर खाली. तिथे पाठीमागच्या कड्यावर खूप उंचावर एक पाटी दिसते, समुद्राची पातळी दाखवणारी. मान मागे टाकून ती पाहताना नकळत श्वास रोखला जातो. आणि समोर पश्चिमेला तीन हजार मीटरहून उंच टेलिस्कोप शिखर, डिसेंबरात बर्फाने पांढरं. खाली खारही पांढरा आणि वर बर्फही पांढरा. माझा नऊ वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, वरचं गोड आणि खालचं खारट." मी खालचं चाखू दिलं नाही.

हा खार इथे आला कसा? आजूबाजूच्या डोंगरांतल्या ज्वालामुखीच्या खडकांतून आणि गरम झऱ्यांतून पाणी बोरॉन विरघळवून आणत राहिलं. खोऱ्यातून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. पूर्वी इथे सरोवरं होती. ती आटत गेली आणि पाण्यातलं सगळं तळाला उरलं. कढईत आमटी आटून कडेला मीठ धरावं, तसं. अजूनही कधीतरी मोठा पाऊस झाला तर बॅडवॉटरला तात्पुरतं तळं होतं. २०२३ च्या ऑगस्टमधल्या वादळानंतर झालेलं तळं कित्येक महिने टिकलं होतं.

पाच वर्षांचा कारखाना

फर्नेस क्रीकपासून हार्मनी बोरॅक्स वर्क्स उत्तरेला जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर आहे. गाडी लावल्यावर डांबरी पायवाट आहे, अर्ध्या तासात फेरी होते. व्हीलचेअर नेता येते, गुडघे दुखणाऱ्यांनीही जावं.

फार काही उभं नाही, हे आधीच सांगते. मातीच्या कच्च्या विटांच्या अर्धवट भिंती, वाऱ्याने कोपरे गोल झालेल्या. गंजून तांबूस झालेला एक अजस्र बॉयलर. टाक्यांचे अवशेष. आणि खाली, वाटेवर, लाकडी गाड्या. राजवाडे पाहायची सवय असलेल्या माणसाला वाटेल, एवढंच? मलाही क्षणभर वाटलं. मग फलकावरचं काम कसं चालायचं ते वाचलं आणि मी त्या बॉयलरजवळून हलेना.

खोऱ्याच्या तळाशी जमिनीवर कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे धरतात, म्हणून त्याला तिथले लोक कॉटनबॉल म्हणायचे. खनिजाचं नाव युलेक्साइट. मजूर ते खरवडून गोळा करायचे आणि कारखान्यापर्यंत आणायचे. इथे उकळत्या पाण्यात ते धुण्याच्या सोड्यासारख्या क्षाराबरोबर विरघळवायचं. चुन्याचा गाळ खाली बसला की वरचं पाणी निववायच्या टाक्यांत सोडायचं. त्या टाक्यांत लोखंडी सळ्या टांगलेल्या असायच्या. पाणी निवत गेलं की सळ्यांवर आणि कडांवर टाकणखाराचे खडे धरायचे. खडीसाखर दोऱ्यावर धरते, अगदी तसंच. मग ते ठोकून काढायचे, पोत्यांत भरायचे. दिवसाला साधारण तीन टन माल निघायचा.

भट्टीला जळण म्हणून मेस्किट तोडायचे. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. टिंबिशा लोक त्याच्याच शेंगांचं पीठ करून खायचे. जे एकाचं अन्न, ते दुसऱ्याचं सरपण झालं.

उन्हाळ्यात मात्र एक अडचण व्हायची. खोरं इतकं तापायचं की टाकीतलं पाणी खडे धरण्याइतकं निवायचंच नाही. माणसांना सोसत नाही म्हणून काम थांबलं, असं कुठे वाचायला मिळालं नाही. खडे धरत नाहीत म्हणून थांबलं. मग सगळा मजूरवर्ग दक्षिणेला टेकोपाजवळच्या दुसऱ्या कारखान्यावर हलवायचे, तिथे हवा जरा सौम्य.

आता त्या गाड्या. रेल्वे होती मोहावी गावी, २६५ किलोमीटर लांब. मध्ये डोंगर, वाळू आणि बहुतेक ठिकाणी पाणी नाही. मागची चाकं ७ फुटांची, पुढची ५ फुटांची. मी मागच्या चाकाशेजारी उभी राहिले तर माझं डोकं त्याच्या कडेपर्यंत पोचेना. अशा दोन गाड्या एकामागे एक, त्यांच्या मागे ४,५०० लिटर पाण्याची टाकी, सगळं मिळून ३३ टनांच्या आसपास वजन, आणि ते ओढायला वीस जनावरं. जायला दहा दिवस, यायला दहा दिवस.

नातवाने जुन्या फोटोतली जनावरं मोजली. वीस भरली. मग त्याच्या आईने खालचं वाचून दाखवलं की त्यातली अठराच खेचरं असायची, गाडीला लागून जुंपलेले दोन घोडे. "मग वीस खेचरं का म्हणतात?" जाहिरातीला ते बरं दिसतं म्हणून, हे उत्तर त्याला पटलं नाही.

ही खेचरं हाकायची कला पाहण्यासारखी असणार. सगळ्यांना मिळून एकच लगाम, शंभराहून जास्त फूट लांब दोरी, ती पुढच्या डाव्या खेचरापर्यंत गेलेली. सलग ओढली की डावीकडे, हिसके दिले की उजवीकडे. डोंगरातल्या वळणावर मधली लांब साखळी ताणून कड्याच्या आतल्या बाजूला यायला बघायची आणि गाडी दरीत जायची भीती. तेव्हा मधल्या जोड्यांतली खेचरं साखळीवरून उडी मारून पलीकडे जायची आणि तिरकी चालत, वळणाच्या उलट बाजूला ओढत राहायची. वळण संपलं की परत उडी मारून जागेवर. शिकवलेली होती तशी.

एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. टाकणखाराच्या खड्यात पाणी अडकलेलं असतं, आणि खड्याच्या वजनात जवळपास निम्मं वजन त्या पाण्याचंच. वडिलांच्या फुंकणीखाली सवागी फुगायची ती हे पाणी निघून जाताना. म्हणजे तहानलेली जनावरं थेंबासाठी मागची टाकी ओढत होती आणि पुढच्या पोत्यांतही अर्धं पाणीच ओढत होती. जे कुणालाच पिता येत नव्हतं.

१८८८ मध्ये कोलमन यांचं दिवाळं निघालं आणि हार्मनी बंद पडली. पाच वर्षांचा खेळ. पुढे ही मालमत्ता फ्रान्सिस मॅरियन स्मिथ यांच्याकडे गेली. रेल्वेला जवळच्या डोंगरात टाकणखाराचे चांगले साठे होते, त्यांनी तिकडे काम वळवलं. इथल्या भट्टीत पुन्हा जाळ झाला नाही.

कुणाचं नाव राहिलं

वीस खेचरांचं नशीब मात्र कारखाना बंद पडल्यावर उघडलं. स्मिथ यांच्या कंपनीत स्टीफन मॅदर नावाचे एक हुशार गृहस्थ जाहिरातीचं काम पाहायचे. 'ट्वेंटी म्यूल टीम' हे नाव धुण्याच्या पावडरीच्या खोक्यावर आलं आणि घराघरांत पोचलं. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात खेचरांची गाडी मिरवली गेली. १९३० मध्ये कंपनीने रेडिओवर 'डेथ व्हॅली डेज' ही मालिका सुरू केली, पुढे ती टीव्हीवर गेली. १९६४-६५ मध्ये तिचे सूत्रधार होते रोनाल्ड रेगन, जे नंतर राष्ट्राध्यक्ष झाले. आणि ते मॅदर? १९१६ मध्ये अमेरिकेची नॅशनल पार्क सेवा सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. टाकणखार विकणारा माणूस निसर्ग राखणारा झाला, हे मला आवडलं.

कोलमन यांचंही नाव राहिलं. डेथ व्हॅलीत सापडलेल्या एका खनिजाला कोलमनाइट म्हणतात. स्मिथ 'बोरॅक्स किंग' झाले.

पण पांढरे गोळे खरवडत कोण होतं?

चिनी मजूर. कारखान्यावर चाळीसेक माणसं असायची, त्यांतले बहुतेक तेच. रोज १ डॉलर ३० सेंट, आणि त्यातून राहण्या-जेवण्याचे पैसे कापून घ्यायचे. सामान घ्यायचं ते कंपनीच्याच दुकानातून. त्यांच्याच मागच्या पिढीने १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या, अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग डोंगर फोडून घातला होता. काम संपल्यावर ते नकोसे झाले. ज्या १८८२ साली हार्मनीची उभारणी सुरू झाली, त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने कायदा केला की चिनी मजुरांनी आता देशात यायचं नाही आणि जे आले आहेत त्यांना नागरिकत्व मिळणार नाही. तो रद्द व्हायला १९४३ साल उजाडलं.

कोलमन यांच्याबद्दल एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिन्यांविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा ती आवरायला शहरातल्या लोकांची फळी उभी करणारे तेच होते. त्यांनी या माणसांचा जीव वाचवला आणि मग त्यांना वाळवंटात १ डॉलर ३० सेंटवर राबवलंही. दोन्ही खरं आहे. कारखान्याला एकोपा हे नाव देताना त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे.

मी सगळे फलक वाचले. मालकांची नावं आहेत, गाडी बनवणाऱ्याचं आहे. चिनी मजुरांचा उल्लेखही आहे, पण मला त्यांतल्या एकाचंही नाव दिसलं नाही. इंदूरला आमच्या गल्लीतल्या लोकांनी घडवलेले दागिने अजून किती घरांत असतील, त्यांवर पेढीचा शिक्का असतो. घडवणाऱ्याचा नसतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, धंद्याची रीतच ती. इथे परक्या देशात उभं राहून वाटलं.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. उन्हाळ्यात गेलात तर सकाळी दहानंतर खोऱ्याच्या तळाशी पायी फिरू नका, असं पार्कवालेच सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. माणशी चार लिटर पाणी गाडीत हवंच. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. पेट्रोल दिसेल तिथे भरा. आणि तिथला खडा, विटेचा तुकडा, गंजका खिळा, काहीही उचलून आणू नका. कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय मुळात तिथे उरलंय किती? मुलांसोबत असाल तर फर्नेस क्रीकच्या हॉटेलच्या आवारात जुनी यंत्रं आणि गाड्या मांडून ठेवल्या आहेत, त्यात तास जातो.

वेळ आणि पाय असतील तर आणखी एक करा. आधी माहिती केंद्रात विचारून घ्या, कारण पाऊस झाला असेल तर त्या चिखलात पाऊल टाकायचं नसतं. कारखान्यापासून पश्चिमेला, सरळ मिठागरावर, काही किलोमीटर चालत जा. पायवाट नाही, पाटी नाही. जमीन कुठे कुरकुरते, कुठे दबते. जावयांनी मला दोनदा विचारलं, "आई, परत फिरायचं का?" मी गुडघ्यांना न विचारताच नाही म्हटलं.

तासाभराने ते दिसतात. मळकट पांढऱ्या मातीचे ढीग, गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे, एकामागून एक. लांबून गवताच्या गंज्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांना बोरॅक्सच्या गंज्याच म्हणतात. जमिनीवरचा खाणहक्क टिकवायचा तर तिथे काम झालं आहे हे दाखवावं लागायचं. म्हणून १८८० च्या दशकात चिनी मजुरांना इथे आणून खार खरवडून ढीग करायला लावलं. हे ढीग कधी कारखान्यात गेलेच नाहीत. उकळले नाहीत, खडे झाले नाहीत, कुठल्या खेचराने ओढले नाहीत. कागदावर हक्क राहावा एवढ्यासाठी केलेलं काम.

आणि तेच टिकलं. भिंती पडल्या, टाक्या गेल्या, पण फावड्याने ओढून हाताने थापलेले हे ढीग जिथे केले तिथेच आहेत. एका ढिगाच्या बाजूला मी उकिडवी बसून पाहिलं. वरचा थर पावसाने बसून कडक झालेला, पापुद्रे सुटलेले. हात लावला नाही. वडिलांच्या वाटीतली सवागी वाळली की तिलाही असेच पापुद्रे धरायचे, नखाने काढले की ते ओरडायचे.

ऊन उतरायला लागलं होतं. टेलिस्कोप शिखराची सावली मिठागरावर सरकत आमच्याकडे येत होती. जावई घड्याळ पाहत होते, मुलगी पाण्याची बाटली पुढे करत होती. नातवाने बोट दाखवत ढीग मोजायला घेतले. सकाळी वीस खेचरं मोजून त्याची फसगत झाली होती, त्यामुळे आता तो सावकाश, प्रत्येकाशी थांबून मोजत होता. सदतीसपर्यंत गेला आणि थांबला. पुढचे ढीग इतके खचले होते की ढीग कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते, ते त्याला कळेना.